शिआरची यादवी वाचायला कुठून सुरुवात करावी? गोव्यातल्या नव्या वाचकांसाठी

मार्व्हलच्या एक्स-मेन या सुपरहीरो चमूच्या कॉमिक्समध्ये शिआर नावाचं एक अवाढव्य अंतराळ-साम्राज्य आहे. २००६ ते २००९ या काळात त्या साम्राज्यात गादीवरून यादवी माजली आणि ती एकामागून एक आलेल्या चार मालिकांमधून सांगितली गेली. सुपरहीरोंच्या कथांत मारामाऱ्या भरपूर असतात. राज्य कशाच्या बळावर उभं राहतं आणि कुठून फुटतं, याचा इतका चिवट विचार मात्र मला तिथे क्वचितच सापडला आहे. गोव्यात जत्रेच्या मांडवात मराठी ऐतिहासिक नाटकं बघत मोठं झालेल्या वाचकाला ही कथा आवडेल, याची मला खात्री वाटते.

अडचण दारातच येते. पहिला अंक उघडावा तर त्यावर क्रमांक असतो ४७५. मागचे ४७४ अंक कोण वाचणार? नावं जिभेवर बसत नाहीत, एकेका पानावर पंधरा-वीस पात्रं उडत असतात, आणि कोण कुणाच्या बाजूचा हे कळेपर्यंत अंक संपतो. बरेच जण इथेच कॉमिक्स मिटून ठेवतात. म्हणून हा लेख. कथेतले मृत्यू आणि शेवट मी फोडणार नाही. आत शिरण्यासाठी जेवढं हातात असायला हवं, तेवढंच सांगतो.

पहिली पायरी: दोन घराणी लिहून काढा

वही घ्या आणि एका पानावर दोन वंशावळी काढा. यातलं युद्ध ग्रहांचं, आरमारांचं आणि तारे हलवणाऱ्या शस्त्रांचं असलं, तरी त्याचं मूळ दोन घरांत आहे. ही दोन घरं नीट कळली की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

पहिलं घर नेरामाणी, म्हणजे शिआरचं राजघराणं. शिआर लोक दिसायला माणसांसारखे, पण त्यांचा वंश पक्ष्यांचा. डोक्यावर केसांच्या जागी पिसं. राजधानीच्या ग्रहाचं नाव चंदिलार. गादीवर पुरुष असेल तर त्याला मॅजेस्टर म्हणतात, स्त्री असेल तर मॅजेस्ट्रिक्स. या घराण्यातली तीन भावंडं लक्षात ठेवायची. डेथबर्ड सगळ्यांत थोरली. खरं तर हक्क तिचा, पण आपल्याच माणसांचे खून केल्यामुळे तिला हद्दपार केलं गेलं. डिकेन हा भाऊ. एम्क्रान क्रिस्टल नावाच्या, सगळं विश्व गिळू शकणाऱ्या वस्तूच्या मागे तो लागला, त्यात त्याचं मन ढासळलं आणि तो वर्षानुवर्षं बेशुद्ध पडून राहिला. लिलांड्रा ही बहीण. भावाच्या वेडेपणाविरुद्ध तिनं बंड केलं, पृथ्वीवर येऊन एक्स-मेनचे गुरू चार्ल्स झेव्हियर यांची मदत घेतली आणि पुढे ती स्वतः गादीवर बसली. हे सगळं जुन्या अंकांत येऊन गेलं आहे; लिलांड्राच्या बंडाची कथा १९७६-७७ची. म्हणजे २००६ची यादवी सुरू होण्याआधीच या घरानं भावाविरुद्ध बहीण, बहिणीविरुद्ध बहीण असे झगडे पाहिलेले आहेत.

दुसरं घर समर्स. हे पृथ्वीवरचं, अमेरिकन. ख्रिस्तोफर समर्स हवाई दलात वैमानिक. बायको आणि दोन लहान मुलांसह छोट्या विमानातून चाललेला असताना शिआरच्या जहाजानं हल्ला केला. विमान पेटलं, हवाई छत्री एकच होती. आईनं दोन्ही मुलांना तीच एक छत्री बांधून खाली ढकललं. ती दोन मुलं म्हणजे एक्स-मेनमधले सायक्लॉप्स आणि हॅवक. आईबापांना शिआरनं पकडून नेलं. डिकेननं आईला ठार मारलं. बाप कैदेतून निसटला, कॉर्सेर या नावानं अंतराळातला लुटारू झाला आणि त्यानं स्टारजॅमर्स नावाची टोळी उभी केली.

आता यादवीचा खरा धागा. पकडली गेली तेव्हा आईच्या पोटात तिसरं मूल होतं. डिकेननं ते काढून घेतलं, यंत्रात झपाट्यानं वाढवलं आणि गुलाम म्हणून पृथ्वीवर धाडलं. गॅब्रियल समर्स त्याचं नाव. पुढे तो स्वतःला व्हल्कन म्हणवू लागला. कुठल्याही प्रकारची ऊर्जा हवी तशी वळवण्याची ताकद त्याच्यात आहे. झेव्हियरनं त्याला एका मोहिमेवर पाठवलं, तिथे तो मेला असं समजलं गेलं आणि झेव्हियरनं सायक्लॉप्सच्या मनातून या भावाची आठवणच पुसून टाकली. बऱ्याच वर्षांनी व्हल्कन जागा झाला. आपली आई कुणी मारली, आपल्याला कुणी गुलाम केलं, हे त्याला कळलं आणि तो शिआरच्या दिशेनं निघाला.

वहीत एवढं उतरलं की पहिली पायरी झाली. बाकीची नावं वाचता वाचता या दोन झाडांच्या भोवती लिहीत जा.

दुसरी पायरी: गादी की माणूस, हा प्रश्न हाताशी ठेवा

ही पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. या कथेत कोण चांगला आणि कोण वाईट, असं विचारत बसलात तर फार काही हाती लागणार नाही. प्रत्येक पात्र समोर आलं की विचारायचं: हा गादीशी एकनिष्ठ आहे, की गादीवर बसलेल्या माणसाशी?

मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. १७०७ साली औरंगजेब वारल्यावर शाहूराजे मोगलांच्या कैदेतून सुटून आले. मराठ्यांत फूट पडावी, हा त्यांना सोडण्यामागचा मोगलांचा हिशेब होता. इकडे ताराबाईंनी, ज्यांनी मधली सात वर्षं औरंगजेबाशी झुंज देऊन राज्य राखलं होतं, शाहूंचा हक्क मानला नाही. खेडजवळ दोन्ही फौजा समोरासमोर आल्या आणि ताराबाईंनी पाठवलेले धनाजी जाधव शाहूंना जाऊन मिळाले. काही वर्षांनी कान्होजी आंग्र्यांनीही तीच वाट धरली. शेवटी सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. धनाजींना कुणी फितूर म्हणेल, कुणी खऱ्या वारसाचा सेवक म्हणेल. दोन्ही बाजूंनी बोलता येतं, आणि म्हणूनच तो प्रसंग आजही मन ओढून घेतो.

शिआरच्या कथेत धनाजींच्या जागी ग्लॅडिएटर उभा आहे. साम्राज्याच्या इंपीरियल गार्ड या शाही रक्षक दलाचा तो प्रमुख, ग्रह हादरवण्याइतका बलवान. डोक्यावर उभ्या तुऱ्यासारखे केस, त्यामुळे गर्दीतही तो लगेच ओळखू येतो. त्याची ताकद त्याच्या आत्मविश्वासावर चालते. मनात शंका शिरली की अंगातलं बळ ओसरतं. लेखकांनी हे फार जुन्या काळी ठरवून ठेवलं होतं, पण यादवीत त्याचं सोनं झालं. ग्लॅडिएटरची शपथ गादीला आहे. लिलांड्राबद्दल त्याच्या मनात काय आहे हे आपल्याला दिसत राहतं, तरी गादीवर व्हल्कन बसला की तो व्हल्कनचं ऐकतो. कायदा म्हणून, शपथ म्हणून. कितपत ऐकत राहील? चारही मालिका वाचताना हा एक प्रश्न मला कायम पुढे ढकलत राहिला.

हॅवकचं उलटं. त्याला शिआरच्या गादीशी देणंघेणं नाही. समोर त्याचा सख्खा धाकटा भाऊ आहे आणि त्यानं जे केलं आहे ते माफ करण्यासारखं नाही. पण त्याला थांबवायचं तर परक्यांच्या राज्याचं युद्ध लढावं लागतं.

आणि रेचल ग्रे. सायक्लॉप्स आणि एक्स-मेनमधली जीन ग्रे यांची भविष्यातून आलेली ही मुलगी. शिआरच्या मारेकऱ्यांनी तिच्या आजोळची माणसं, ग्रे घराणंच, संपवलं होतं. त्या रक्तात पुन्हा फिनिक्स, म्हणजे जीनमध्ये संचारलेली विध्वंसक वैश्विक शक्ती, जागी होईल या भीतीनं. तरीही ती लिलांड्राच्या बाजूनं लढायला थांबते. तिच्याकडे वाचताना विशेष लक्ष द्या. संवाद कमी असतात, पण तिचं तिथं असणंच पुष्कळ बोलतं.

लिलांड्राला सरळसोट चांगली बाजू समजू नका, हेही इथेच सांगून ठेवतो. एक्स-मेनच्या १९८० सालच्या १३७व्या अंकात हिनंच जीन ग्रेला, म्हणजे फिनिक्सला, विश्वाच्या सुरक्षेसाठी मृत्युदंड द्यायचं ठरवलं होतं. साम्राज्य तिचंही साम्राज्यच आहे.

तिसरी पायरी: क्रमानं वाचा, पण मोजकंच वाचा

क्रम असा. आधी 'राइज अँड फॉल ऑफ द शिआर एम्पायर', म्हणजे अनकॅनी एक्स-मेनचे अंक ४७५ ते ४८६, एकूण १२. मग 'एम्परर व्हल्कन', ५ अंक. मग 'किंगब्रेकर', ४ अंक. शेवटी 'वॉर ऑफ किंग्स', ६ अंक. सगळे मिळून २७. एका अंकात साधारण २२ पानं कथा असते. रोज एक अंक वाचला तरी महिन्याच्या आत संपतं.

पहिली मालिका एड ब्रुबेकर यांनी लिहिलेली, २००६-०७ची. व्हल्कन सूडासाठी निघालेला आहे, झेव्हियर आपल्या निवडक माणसांसह त्याच्या मागे. इकडे चंदिलारवर लिलांड्राच्याच दरबारातले लोक तिच्या पाठीमागे कट शिजवत आहेत. पहिले दोन-तीन अंक जरा संथ वाटतील, कारण जहाजावरची मंडळी एकमेकांना ओळखून घेत असतात. तिथे थांबू नका. दरबारातला कट आणि व्हल्कनचा सूड हे दोन प्रवाह एकत्र आले की कथा जोर धरते. सूडासाठी आलेला माणूस राज्यकर्ता कसा होतो, हे इथे टप्प्याटप्प्यानं उलगडतं. ज्यांच्याविरुद्ध तो आला, त्यांच्यातलेच काही त्याला हाताशी धरतात. आपण त्याला वापरून घेऊ, असं त्यांना वाटत असतं. इतिहासात अशा दरबाऱ्यांचं काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे.

दुसरी मालिका ख्रिस्तोफर योस्ट यांची, २००७-०८ची. खरी यादवी इथली. तिच्या नावातच कळतं की गादीवर आता कोण आहे. एका बाजूला व्हल्कन आणि त्याची सम्राज्ञी डेथबर्ड. दुसऱ्या बाजूला लिलांड्रा आणि तिच्यासोबत हॅवक, पोलारिस, रेचल, कॉर्वस आणि स्टारजॅमर्स. आरमार व्हल्कनकडे, लोकांच्या मनातला हक्क लिलांड्राकडे. अशात शिआरचा एक फार जुना शत्रू, स्कायार ताल, बाहेरून चाल करून येतो. त्यांचं म्हणणं असं की एम्क्रान क्रिस्टल मुळात त्यांचं. शिआरनं ते बळकावून साम्राज्य उभं केलं. आता प्रश्न असा की घरातलं भांडण मिटवून बाहेरच्याला तोंड द्यायचं, की बाहेरच्याचा फायदा घेऊन घरातला हिशेब चुकता करायचा? ही मालिका सगळ्यांत आटोपशीर आहे. वेळ फारच कमी असेल आणि एकच वाचायची असेल, तर हीच वाचा.

'किंगब्रेकर'बद्दल थोडक्यात. कैद, सुटका, व्हल्कननं तुरुंगातल्या क्रूर कैद्यांना उचलून रक्षक दलात केलेली भरती, एवढा तिचा जीव. डस्टिन वीव्हर यांची चित्रं मात्र सावकाश बघण्यासारखी आहेत. जहाजांचे आणि इमारतींचे बारकावे त्यांनी फार मन लावून काढले आहेत.

'वॉर ऑफ किंग्स' २००९ची. डॅन अ‍ॅबनेट आणि अँडी लॅनिंग यांचं लेखन, पॉल पेलेटिए यांची चित्रं. यादवी आता सीमा ओलांडते. व्हल्कनची नजर क्री साम्राज्याकडे वळते, आणि क्रींच्या गादीवर नुकतेच इनह्युमन्स येऊन बसलेले असतात. त्यांचा राजा ब्लॅक बोल्ट एक शब्दही बोलत नाही, कारण त्याच्या कुजबुजीनंही शहरं कोसळतात. एक राजा सतत गरजणारा, दुसरा आयुष्यभर गप्प. या दोघांना समोरासमोर आणणं हीच या मालिकेची मोठी करामत. ही वाचण्याआधी एवढंच ठाऊक असलं तरी पुरे: इनह्युमन्स चंद्रावर राहत होते, त्यांच्यावर अन्याय झाला आणि त्यांनी यापुढे कुणासमोर न वाकण्याचं ठरवलं. त्यांची पूर्वकथा स्वतंत्र मालिकेत आहे, पण ती मागून वाचली तरी चालते.

आता काय सोडायचं. 'वॉर ऑफ किंग्स'ला जोडून नोव्हा, गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी आणि इतर बऱ्याच मालिकांचे अंक निघाले. यादी बघितली की सगळं वाचायलाच हवं असं वाटतं. पहिल्या वाचनात अजिबात हात लावू नका. मुख्य ६ अंक स्वतःच्या पायावर उभे आहेत. व्हल्कनची मूळ कथा सांगणारी 'डेडली जेनेसिस' ही ६ अंकांची मालिकाही नंतरसाठी ठेवा. तिच्यातलं आवश्यक ते वर सांगितलं आहे. ती मुळात झेव्हियरच्या पापाची कथा आहे, आणि व्हल्कन पुढे काय होतो ते माहीत असताना वाचली तर जास्त लागते.

चौथी पायरी: पान कसं वाचायचं

अमर चित्रकथा किंवा इंद्रजालमधला वेताळ वाचलेल्यांना चौकटींचा क्रम सांगायला नको: डावीकडून उजवीकडे, मग खाली. पण इथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

एक, चित्रकार मध्येच बदलतो. पहिल्या मालिकेत बिली टॅन आणि क्लेटन हेन्री आलटून पालटून आहेत. त्यामुळे चेहऱ्यावरून पात्र ओळखायला गेलात तर गोंधळ होईल. ठळक खूण धरा. पोलारिसचे केस हिरवे. हॅवकच्या हातून निघणारी ऊर्जा गोल गोल वर्तुळांत काढलेली. कॉर्वसकडे माणसाहून मोठी वाटणारी तलवार. स्टारजॅमर्समधला चॉड म्हणजे हिरवा, सरड्यासारखा धिप्पाड. रझा अर्धा यंत्र. डेथबर्डचे पंख आणि डोक्यावरची जांभळी पिसं. इंपीरियल गार्डमध्ये मात्र इतके जण आहेत की सगळ्यांची नावं पाठ करायला जाऊ नये. हे दल घडवणारे चित्रकार डेव्ह कॉक्रम आधी डीसी या दुसऱ्या कॉमिक्स कंपनीसाठी 'लीजन ऑफ सुपर-हीरोज' ही मोठ्या चमूची मालिका काढत होते; त्या लीजनला दिलेली दाद म्हणूनच हा गार्ड जन्मला. त्यामुळे गर्दी हा त्याचा स्वभावच आहे. ग्लॅडिएटर, ओरॅकल, मेंटर आणि स्मॅशर एवढे ओळखता आले तरी भागतं.

दोन, चौकोनी पेटीतला मजकूर कोण बोलतंय ते बघून वाचा. कधी तो निवेदकाचा असतो, कधी पात्राच्या मनातला. पेटीचा रंग सहसा सांगतो. अंकाच्या सुरुवातीला मागची हकीकत दिलेली असेल तर ती कधीही गाळू नका. सगळ्या नावांची उजळणी तिथे फुकटात होते.

आणि दोन-दोन पानांवर पसरलेलं आरमाराचं चित्र आलं की पान भराभर उलटू नका. कोणाची जहाजं कोणत्या बाजूला आहेत, हे अनेकदा तिथेच कळतं. पुढे कुणी शब्दांत सांगत नाही.

पाचवी पायरी: मिळवायचं कुठून, आणि पावसाळ्यातून वाचवायचं कसं

सगळ्यांत सोपा रस्ता मार्व्हल अनलिमिटेड या अ‍ॅपचा. महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी भरली की जुने अंक फोनवर किंवा टॅबलेटवर वाचता येतात. फोनवर अक्षरं बारीक दिसतात, म्हणून एकेक चौकट मोठी करून दाखवण्याची जी सोय आहे ती वापरा. मात्र अंक संपला की तोच पुन्हा एकदा पूर्ण पान दिसेल असा चाळा, नाहीतर पानाची रचना डोळ्यांना कधी कळणारच नाही. सत्तरीत किंवा काणकोणात, जिथे नेटवर्क मध्येच जातं, तिथे जाण्याआधी अंक घरच्या वायफायवर उतरवून ठेवा.

कागदावर वाचायचं असेल तर सुटे अंक शोधत बसू नका. या मालिका एकत्र बांधलेल्या पुस्तकांच्या रूपातही निघाल्या आहेत. पणजी किंवा मडगावातल्या तुमच्या नेहमीच्या पुस्तकाच्या दुकानात मालिकेचं नाव आणि लेखकाचं नाव कागदावर लिहून द्या. नुसतं 'एक्स-मेनचं ते अंतराळातलं' म्हणून कुणालाही सापडणार नाही. पाटोवरच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयातही विचारून ठेवा. १८३२ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय देशातल्या सगळ्यांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक आहे, आणि वाचकांनी मागितलं तरच ग्रंथालयाला कळतं की अशा पुस्तकांना वाचक आहेत. चित्रकथा म्हणजे पोरांचा खेळ, असं समजून आपण कधी मागतच नाही. मागायला हवं.

आता पाऊस. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ही कॉमिक्स गुळगुळीत, चकचकीत कागदावर छापलेली असतात. हवेतला ओलावा लागला की पानं एकमेकांना चिकटतात, आणि जबरदस्तीनं सोडवायला गेलात तर शाई निघून येते. जुन्या कौलारू घरात भिंतीला लागून असलेल्या लाकडी कपाटात तर ती ठेवूच नका; भिंतीची ओल कपाटाच्या पाठीतून आत शिरते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. सगळ्यांत खालचा कप्पा पावसाळ्यात रिकामा ठेवा. पुस्तकं झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात उभी ठेवून सोबत सिलिका जेलच्या पुड्या घाला, आणि पुड्या अधूनमधून बदला. डांबरगोळ्या घालायच्या तर त्या कागदाला थेट लागू देऊ नका, डाग पडतात. ऊन पडलं की डबा उघडून तासभर पंख्याखाली हवा लागू द्या. पुस्तक मात्र उन्हात ठेवायचं नाही. रंग उडतात आणि मुखपृष्ठ वाकडं होतं. कडेला पांढरी बुरशी दिसली तर सुक्या मऊ फडक्यानं पुसा, ओल्या नव्हे, आणि ते पुस्तक काही दिवस बाकीच्यांपासून वेगळं ठेवा.

सहावी पायरी: मोठ्यानं वाचा

चवथीला घरची सगळी मंडळी गावच्या घरी जमतात. आरती झाली, जेवणं झाली की दुपारी पोरं फोन घेऊन कोपऱ्यात बसतात. अशा दुपारी 'एम्परर व्हल्कन'चा एक अंक मोठ्यानं मराठीत वाचून दाखवा. शाळेत इंग्रजी शिकणाऱ्या पोरांना वाचता येतं, पण ऐकताना ती वेगळ्याच तल्लीनतेनं बसतात. आणि आजोबा-आजींना कथेत घेता येतं, हा मोठा फायदा. ज्यांनी आयुष्यभर मांडवातली नाटकं पाहिली, त्यांना गादीचं भांडण समजावून सांगावं लागत नाही. ती मंडळी दोन-तीन पानांतच विचारतात, सेनापती कुणाच्या बाजूला आहे?

तयारी थोडी लागते. अंक आदल्या दिवशी स्वतः वाचून घ्या. पात्रं वाटून द्या: एकाला हॅवक, एकीला लिलांड्रा, आवाज भारी असेल त्याला ग्लॅडिएटर. कोण कुणाला तू म्हणणार आणि कोण कुणाला आपण म्हणणार, ते आधी ठरवा. ग्लॅडिएटर गादीवरच्या माणसाशी आदरानंच बोलेल, हॅवक व्हल्कनला तू म्हणेल. इंग्रजी संवाद शब्दाला शब्द लावून उलटवू नका. चौकट बघा आणि त्या क्षणी तो माणूस मराठीत जे बोलला असता ते बोला. मारामारीची पानं आली की वाचण्यासारखं थोडंच असतं. तिथे चित्र सगळ्यांना दाखवा आणि पुढे जा.

सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी हे नाही. खून, कट, कैद हे सगळं थेट दाखवलेलं आहे. बारा-तेरा वर्षांपुढची मुलं असतील तर बिनधास्त वाचा, फक्त नंतर त्यांना बोलू द्या. ग्लॅडिएटरनं काय करायला हवं होतं, यावर पोरं तासभर भांडतात, आणि ते भांडण ऐकण्यासारखं असतं.

सातवी पायरी: संपल्यावर मागे जा

२७ अंक संपल्यावर बहुतेक जण पुढचं काय म्हणून विचारतात. पुढे 'रेल्म ऑफ किंग्स' नावाखाली काही मालिका आहेत. त्यातली इंपीरियल गार्डवरची तेवढी वाचा; साम्राज्याचे साधे शिपाई कसे जगतात, हे तिच्यात दिसतं. पण त्याआधी माझा आग्रह मागे जाण्याचा आहे. एक्स-मेनचे १९७७चे १०७ आणि १०८ हे दोन अंक घ्या. एम्क्रान क्रिस्टल, डिकेन, स्टारजॅमर्स, इंपीरियल गार्ड, सगळे तिथे तरुणपणी भेटतात. क्रिस क्लेरमाँट यांचं लेखन. १०७मध्ये कॉक्रम यांची चित्रं आणि १०८पासून जॉन बर्न यांची. एका चित्रकाराकडून दुसऱ्याकडे मालिका जाताना काय बदलतं, हे शेजारीशेजारी ठेवून बघता येतं.

मग १३७वा अंक. चंद्रावरच्या पडक्या शहरात जीनच्या जिवासाठी एक्स-मेन आणि इंपीरियल गार्ड लढतात, आणि लिलांड्रा बघत असते. यादवी वाचून झाल्यावर तो अंक पुन्हा उघडलात की नजर जीनवरून हटून लिलांड्राच्या चेहऱ्याकडे जाईल. राज्य वाचवण्यासाठी एका जिवाचा निवाडा करणारी ही बाई पुढे स्वतःच्याच राज्यात बंडखोर म्हणून रानोमाळ हिंडणार आहे, हे तेव्हा तुम्हाला ठाऊक असेल आणि तिला नसेल.